झाकलेली माती कोणी सांभाळायची?

सिअ‍ॅटल शहराच्या मधोमध लेक युनियन हे तळे आहे. त्याच्या उत्तर काठावर, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकाला, सुमारे वीस एकरांची गॅस वर्क्स पार्क ही सार्वजनिक बाग आहे. हिरवळ आहे, पतंग उडवायला टेकडी आहे, समोर पाणी आणि पलीकडच्या तीरावर शहरातल्या उंच इमारती. मध्येच एका जुन्या कारखान्याचे गंजलेले लोखंडी मनोरे उभे आहेत. ४ जुलैच्या रात्री आतषबाजी पाहायला इथे हजारो माणसे जमतात. याच काठावर पाट्याही लावलेल्या आहेत: पाण्यात उतरू नये, पोहू नये, मासे धरू नयेत, होडी काठाला लावू नये, कारण तळ्याच्या गाळात घातक द्रव्ये आहेत. बाग लोकांसाठी खुली झाली १९७५ साली. अर्धे शतक उलटले, तरी काठालगतच्या गाळाची साफसफाई पूर्ण झालेली नाही.

सिअ‍ॅटल गरीब शहर नाही. बोइंग तिथे वाढली. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन त्याच परिसरातल्या. पैसा, प्रयोगशाळा, विद्यापीठ, कायदा, जागरूक नागरिक हे सारे हाताशी असताना एका बागेचा काठ पन्नास वर्षांत साफ होत नाही, तेव्हा सगळा दोष सरकारी दिरंगाईवर टाकून मोकळे होता येत नाही. कारखान्याचे विष जमिनीत मुरल्यावर साफसफाई म्हणून जे केले जाते ते प्रत्यक्षात काय असते, हे आधी समजून घ्यायला हवे. ते समजले की अशा जागांच्या शेजारी राहणारे लोक जी भीती आणि जो संशय बोलून दाखवतात, त्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलावी लागते. अधिकारी आणि तज्ज्ञ बहुधा त्या भीतीला अज्ञान समजतात. मला वाटते, लोक जो उपाय मागतात तो कधी कधी चुकीचा असतो, पण ते जो प्रश्न विचारतात तो जवळजवळ नेहमीच बरोबर असतो. हे विष पुढे कोण सांभाळणार, हा तो प्रश्न.

गॅस वर्क्स पार्कच्या जागी १९०६ साली सिअ‍ॅटल गॅस लाइट कंपनीचा कारखाना सुरू झाला. नैसर्गिक वायूची नळवाहिनी त्या भागात पोचायला अजून पन्नास वर्षे होती. दिव्यांसाठी आणि शेगड्यांसाठी लागणारा गॅस दगडी कोळशापासून तयार करत. कोळसा बंद भट्टीत हवा लागू न देता तापवायचा, निघालेला वायू गार करायचा, धुवायचा, त्यातले डांबर, अमोनिया आणि गंधक वेगळे काढायचे आणि उरलेला गॅस नळांतून घरोघरी पाठवायचा. ही पद्धत मुंबईलाही परकी नाही. १८६०च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते बॉम्बे गॅस कंपनीच्या अशाच कोळशाच्या गॅसवर. लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात त्याची आठवण अजून आहे.

गॅस जळून गेला, पण डांबर कारखान्याच्या आवारात राहिले. थोडे विकले जाई, थोडे सांडे, थोडे जमिनीत मुरे, थोडे तळ्यात जाई. या डांबरात नॅप्थलीन असते, म्हणजे कपाटात कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांना ज्याचा वास येतो ते. सहज उडून जाणारे, रक्ताचा कर्करोग करू शकणारे बेन्झीन असते. आणि ज्यांना शास्त्रज्ञ पीएएच म्हणतात ती अनेक वलयांची संयुगे असतात. त्यांतली जड संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत, हवेत उडत नाहीत, जीवाणूंना सहज पचत नाहीत; मातीच्या आणि गाळाच्या कणांना चिकटून बसतात. बेन्झो-ए-पायरीन हे त्यांतले कर्करोगकारक म्हणून सर्वात कुप्रसिद्ध. १९३७ साली कारखान्याने कोळसा सोडून खनिज तेलापासून गॅस करायला सुरुवात केली, तेव्हा डांबराबरोबर काजळीचीही भर पडली. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढण्यासाठी आर्सेनिकयुक्त द्रावण वापरत. ते आर्सेनिक आज भूजलात सापडते. १९५६ साली नैसर्गिक वायू आला आणि कारखाना बंद पडला.

नगरपालिकेने १९६२ साली ही जागा १३ लाख ४० हजार डॉलरला घ्यायचे ठरवले. पैसे फिटायला १९७३ उजाडले. खरेदीसाठी सर्वात जास्त धडपडल्या त्या नगरसेविका मर्टल एडवर्ड्स. १९६९ साली त्यांचे अपघाती निधन झाले आणि बागेला त्यांचेच नाव द्यायचे ठरले. पण बागेचा आराखडा ज्यांच्याकडे आला ते लँडस्केप आर्किटेक्ट रिचर्ड हाग यांनी वेगळाच विचार मांडला. मनोरे पाडायचे नाहीत. कारखान्याचे अवशेष बागेत तसेच ठेवायचे. एडवर्ड्स यांच्या कुटुंबाला हे इतके नापसंत होते की १९७२ साली त्यांनी बागेला दिलेले नाव परत घेतले. आज ते नाव शहरातल्या दुसऱ्याच एका समुद्रकाठच्या बागेला आहे.

हाग यांचा मनोऱ्यांबद्दलचा आग्रह खूप गाजला. त्यांचा मातीबद्दलचा आग्रह मला त्याहून मोलाचा वाटतो. विषारी माती उकरून दुसरीकडे टाकायची आणि इथे नवी आणून ओतायची, हा तेव्हाचा सरधोपट उपाय. हाग म्हणाले, मातीला इथेच बरे होऊ द्या. त्यांनी मातीत सांडपाण्याचा गाळ, लाकडाचा भुसा, पालापाचोळा मिसळून ती नांगरून घेतली, म्हणजे जीवाणू वाढतील आणि तेलकट द्रव्ये खाऊन टाकतील. पाडलेल्या पायांचा राडारोडा रचून त्यावर माती टाकली आणि तीच पतंगांची टेकडी झाली. ज्या काळात लोकांना जीवाणू म्हटले की फक्त रोग आठवत, त्या काळात हे धाडस होते. पण जीवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो वरच्या थरातच मिळतो. हलकी द्रव्ये गेली. जड पीएएच आणि खोलवरचे डांबर तसेच राहिले.

बाग उघडून नऊ वर्षे झाल्यावर, १९८४ साली, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तपासणीत मातीतले पीएएच चिंता वाटावी इतके निघाले. महापौर चार्ल्स रॉयर यांनी बाग बंद केली. काही महिन्यांनी जास्त दूषित भागांवर नवी माती पसरून ती पुन्हा उघडण्यात आली. ज्या गवतावर नऊ वर्षे मुले लोळली, त्याला अचानक कुंपण पडते आणि थोड्या महिन्यांनी तेच गवत पुन्हा निर्धोक ठरते, हा अनुभव शहराच्या मनातून सहज पुसला जात नाही. काल सुरक्षित, आज धोकादायक, उद्या पुन्हा सुरक्षित असे एकाच जागेबद्दल ऐकलेला माणूस चौथ्या वेळी कोणाचेही सहज खरे मानत नाही, आणि मला तो संशय विवेकाचा वाटतो. अशा प्रसंगी अधिकाऱ्यांची पहिली भाषा ‘घबराट पसरवू नका’ अशी असते. घबराट माहिती मिळाल्याने होत नाही. ती उशिरा आणि तुकड्यातुकड्याने मिळाल्याने होते.

पुढे जे घडले ते मात्र आपण लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९८८मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी थेट मतदानाने एक कायदा मंजूर केला: मॉडेल टॉक्सिक्स कंट्रोल अ‍ॅक्ट. विधिमंडळाने कृपा म्हणून दिलेला हा कायदा नव्हे, तो नागरिकांच्या पुढाकाराने आला. ज्याने जागा दूषित केली किंवा जो तिचा मालक आहे त्याने खर्च सोसायचा. घातक रसायने राज्यात पहिल्यांदा ज्याच्या ताब्यात येतात त्याच्यावर कर बसवून निधी उभा करायचा. साफसफाईचा प्रत्येक आराखडा लोकांपुढे ठेवून हरकती मागवायच्या. या कायद्याखाली १९९९ साली राज्य सरकार, नगरपालिका आणि जुन्या गॅस कंपनीची वारसदार असलेली प्युजेट साउंड एनर्जी यांच्यात न्यायालयीन करार झाला. २०००-०१मध्ये बागेच्या मोठ्या भागावर स्वच्छ मातीचा थर पसरला गेला आणि आग्नेय कोपऱ्यातले बेन्झीन काढण्यासाठी जमिनीखाली हवा सोडून वर येणारी वाफ ओढून घेणारी यंत्रणा बसवली गेली. डांबर मात्र सगळे काढले नाही. ते झाकले.

आता वादाच्या मुळाशी जाऊ. माती किती साफ झाली की पुरे? लोकांना वाटते याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. प्रयोगशाळा सांगते ती मातीत काय आणि किती आहे एवढेच. किती चालेल हे ठरवायला एक काल्पनिक माणूस उभा करावा लागतो. वॉशिंग्टनच्या नियमांतला तो माणूस सोळा किलो वजनाचे मूल आहे. ते दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळते, असे सहा वर्षे चालते, असे धरले आहे. हात तोंडात घालणाऱ्या, खेळणी जमिनीवरून उचलून चाटणाऱ्या मुलाच्या पोटात इतकी माती जाते असा हा अंदाज आहे. मग त्या मुलाला आयुष्यात कर्करोग होण्याची वाढीव शक्यता एका द्रव्यामुळे दहा लाखांत एकापेक्षा जास्त नसावी, असा हिशेब मांडून मातीतली मर्यादा काढतात.

हा हिशेब मला तुच्छ वाटत नाही. उलट, एका राज्याने आपल्या कायद्याच्या केंद्रस्थानी माती खाणारे लहान मूल ठेवले, यात मोठे शहाणपण आहे. पण दहा लाखांत एकच का, लाखात एक का नको, किंवा कोटीत एक का नको, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. तो समाजाने घेतलेला निर्णय आहे. सहा वर्षेच का, मूल रोज त्या बागेत येते की महिन्यातून एकदा, ते तळ्यातला मासा खाते की नाही, हे सगळे गृहीत धरावे लागते; आणि इथे शेजारच्या लोकांना तज्ज्ञांपेक्षा जास्त माहिती असते. त्याच शहरातल्या डुवामिश नदीचे उदाहरण आहे. तिथल्या गाळात पीसीबीसारखी घातक रसायने आहेत आणि नदीत कायम राहणारे मासे, खेकडे खाऊ नका अशा सूचना आहेत. तरीही बाहेरून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आणि तिथले मूळ रहिवासी नदीवर मासे धरतात, कारण कोणासाठी ते अन्न आहे आणि कोणासाठी पिढ्यांचा हक्क. सूचनेची पाटी लावली म्हणजे लोक मासा खाणार नाहीत असे कागदावर गृहीत धरले, तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. जनसुनावणीत उठून ‘आमच्या घरात हा मासा शिजतो’ असे सांगणारी बाई त्या हिशेबातला चुकीचा आकडा दुरुस्त करत असते. तिच्या बोलण्याला भावना म्हणून बाजूला सारणे हे विज्ञानाचेच नुकसान आहे.

इथवर मी लोकांच्या बाजूने बोललो. पण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लोकांची मागणी एकच असते: सगळे उकरा आणि इथून न्या. तिच्यामागची तळमळ मला समजते. तरीही तिचा पाठपुरावा करताना पुढचा प्रश्न विचारायलाच हवा की, कुठे न्या?

न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूस शहराला लागून ओनोंडागा सरोवर आहे. ओनोंडागा या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रासाठी ते पवित्र आहे. पाच राष्ट्रांना वैर सोडायला लावून एकत्र आणणारा शांतिदूत याच काठावर आला अशी त्यांची परंपरा सांगते. १८८४पासून या काठावर सॉल्व्हे प्रोसेस कंपनीने सोडा अ‍ॅश बनवली आणि पांढऱ्या टाकाऊ लगद्याचे डोंगर सरोवराभोवती रचले. १९४० साली पोहण्यावर बंदी आली. १९४६ ते १९७० या काळात सुमारे ७५ टन पारा पाण्यात गेला आणि १९७० साली मासेमारीवरही बंदी आली. १९९४ साली सरोवर देशातल्या सर्वात दूषित जागांच्या यादीत गेले. वारसा हक्काने जबाबदारी आली ती हनीवेल कंपनीवर. २०१२ ते २०१४ या काळात तिने तळाचा सुमारे १७ लाख घनमीटर गाळ उपसला आणि २०१६पर्यंत तळाच्या जवळपास ४७५ एकरांवर वाळू-खडीचा थर टाकला.

उपसलेला गाळ नळातून कित्येक किलोमीटर दूर, कॅमिलस या गावाजवळच्या कंपनीच्याच जुन्या टाकाऊ वाफ्यात नेऊन भल्या मोठ्या कापडी पिशव्यांत भरला गेला. सरोवर निवळू लागले आणि कॅमिलसमधल्या घरांत दुर्गंधी शिरली. तिथल्या रहिवाशांनी आरोग्याच्या तक्रारी केल्या, ते न्यायालयात गेले. सरोवरकाठच्या माणसाची काळजी एका नळाने कॅमिलसच्या माणसाच्या अंगणात पोचवली. ओनोंडागा राष्ट्राची तक्रार तर नेमकी उलट होती: पारा सगळा का काढला नाही, थराखाली का ठेवला? दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे होते. २०१५ साली त्याच काठावर, जुन्या टाकाऊ ढिगांवरच, हजारो लोक बसतील असे खुले रंगमंदिर उभे राहिले. जागा सुरक्षित आहे असे अधिकाऱ्यांनी सांगितले. लोक संगीत ऐकायला गेलेही, आणि शंका विचारणारेही विचारत राहिले. मला यात विसंगती दिसत नाही. जागा वापरणे आणि तिच्यावर पाळत ठेवणे, दोन्ही एकाच माणसाचे काम आहे.

आपल्याकडे याच प्रश्नाचा सर्वात बोलका दाखला कोडाईकॅनॉलचा. अमेरिकेतला, न्यूयॉर्क राज्यातल्याच वॉटरटाउन इथला पाऱ्याच्या थर्मामीटरचा जुना कारखाना बंद झाला आणि त्याची यंत्रसामग्री १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या या थंड हवेच्या ठिकाणी आली. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला. म्हणजे त्याचा कारभार मुंबईतून चालणाऱ्या कंपनीकडे आला. मार्च २००१मध्ये गावातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचेचा टनावारी साठा लोकांना सापडला. शोधून काढला तो रहिवाशांनी आणि कार्यकर्त्यांनी, कोणा सरकारी निरीक्षकाने नव्हे. कारखाना बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला परत पाठवला गेला, आणि विष गरीब देशातून श्रीमंत देशाकडे गेल्याचे ते दुर्मीळ उदाहरण ठरले. २००६ साली हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कोडाईच्या तळ्यातल्या पाण्यात, गाळात आणि माशांत पारा आढळल्याचे प्रसिद्ध केले. हे तेच तळे, जिथे महाराष्ट्रातूनही पर्यटक जाऊन नौकाविहार करतात.

कारखान्याच्या आवारातल्या मातीत मात्र पारा राहिलाच, आणि भांडण सुरू झाले ते एका आकड्यावरून. किलोभर मातीत किती मिलिग्रॅम पारा चालेल? नागपूरच्या नीरी या संस्थेने त्या जागेचा अभ्यास केला आणि २० मिलिग्रॅमची पातळी पुढे आली. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती स्वीकारली. कार्यकर्त्यांचे म्हणणे, ब्रिटनमध्ये कंपनी हेच करती तर तिला निवासी जागेसाठी १ मिलिग्रॅमपर्यंत जावे लागले असते. कोडाईच्या माणसाचे शरीर वीसपट कणखर आहे काय? कंपनीची बाजू अशी की, उतारावरची माती आणखी खोल उकरली तर झाडे जातील, धूप होईल आणि पारायुक्त माती पावसाबरोबर खाली शोला जंगलात वाहील.

धुपीचा मुद्दा खोटा नाही. डोंगरउतारावरची माती उघडी पडली की पावसाळ्यात काय होते हे सह्याद्रीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पण तो मुद्दा मान्य केला तरी त्यातून २०चा आकडा निघत नाही. निघते ती मागे राहणाऱ्या पाऱ्याची कायमची जबाबदारी. झाडे वाचवण्यासाठी पारा मातीत ठेवत असाल, तर त्या मातीवर, ओढ्यावर, तळ्यातल्या माशावर पुढची पन्नास वर्षे कोण लक्ष ठेवणार, त्याचे पैसे आज कुठे जमा होणार आणि दरवर्षीचे निष्कर्ष तमिळमध्ये, गावातल्या फलकावर कोण लावणार, हे त्याच आदेशात लिहिलेले हवे. आकडा सैल करायचा असेल तर पहारा कडक करावा लागेल. आपल्याकडे दोन्ही सैल होतात, आणि लोकांचा राग त्यावर असतो.

उकरून नेण्याच्या मागणीचा शेवट काय होतो ते भोपाळने दाखवले. युनियन कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५च्या सुरुवातीला बारा कंटेनरांतून, पोलीस बंदोबस्तात, धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला जाळण्यासाठी नेण्यात आला. पिथमपूर पेटले, आंदोलनात दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. भोपाळचे लोक इतकी वर्षे जे भोगत होते त्याची धास्ती आता पिथमपूरच्या वाट्याला आली. अखेर तो कचरा जाळला गेला आणि भोपाळचा विषय मिटला असे अनेकांना वाटले. पण नीरी आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने २०१० साली दिलेल्या अंदाजानुसार त्या आवारातली दूषित मातीच ११ लाख टन आहे. कंटेनरांतून गेला तो कचरा त्या मातीपुढे नगण्य. जे दिसत होते ते नेले. जे भूजलात उतरते आहे ते तिथेच आहे.

म्हणून उकरणे विरुद्ध झाकणे असा हा वाद लढवण्यात मला अर्थ वाटत नाही. काही ठिकाणी उकरावेच लागेल, विशेषतः जिथे विष पाण्यात उतरत आहे. काही ठिकाणी झाकणे अधिक शहाणपणाचे असेल. दोन्ही मार्गांनी विष नाहीसे होत नाही. एकात त्याचा पत्ता बदलतो, दुसऱ्यात ते पांघरुणाखाली जाते. वरच्या थरातून झाडांची मुळे आरपार जातात, उंदीर-घुशी बिळे करतात, नळ टाकायला कोणीतरी खणतो, पुराचे पाणी कड खाते. कंपन्या विकल्या जातात, अधिकारी बदलतात, फायली हरवतात. डांबर मात्र शंभर वर्षांनीही तिथेच असते. साफसफाईचे खरे यश ‘काम पूर्ण’ या दाखल्यात पाहायचे नाही. वीस-तीस वर्षांनी त्या जागेवर नव्याने आलेल्या माणसाला खाली काय आहे ते कळते की नाही, यात पाहायचे.

वॉशिंग्टनच्या कायद्यातली दोन कलमे मला या दृष्टीने सगळ्यात मोलाची वाटतात. दूषित माती जागेवरच ठेवली तर त्या जमिनीच्या मालकीच्या कागदपत्रांत तशी बंधनाची नोंद करावी लागते, म्हणजे जमीन कितीही वेळा विकली तरी नोंद तिच्याबरोबर जाते. आणि दर पाच वर्षांनी त्या जागेचा आढावा घेऊन तो लोकांपुढे ठेवावा लागतो. याच कायद्याखाली लेक युनियनचा गाळ दशकानुदशके रखडला, हेही खरे. कायदा चांगला असला की काम वेगाने होतेच असे नाही. पण तिथे कोणीही नागरिक आज मागेल तर बागेच्या कोणत्या कोपऱ्याखाली काय आहे ते त्याला नकाशासह मिळते. लोक भांडतात ते माहिती हातात घेऊन.

भारतात जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदाच स्वतंत्रपणे अधिसूचित केले. स्थानिक संस्थांनी आणि जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषित करणाऱ्याकडून खर्च घ्यायचा, अशी त्यांची रचना आहे. तोवर देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि प्रत्यक्ष काम सुरू होते ते सात ठिकाणी. नियम आले हे चांगलेच झाले. पण पहिली पायरी स्थानिक संस्थेने जागा कळवण्याची आहे, आणि आपली नगरपालिका किंवा ग्रामपंचायत स्वतःच्याच हद्दीतल्या कारखान्याविरुद्ध कागद करील ही अपेक्षा फार मोठी आहे. म्हणून ग्रामसभेच्या किंवा प्रभागातल्या नागरिकांच्या लेखी मागणीवरही तपासणी झालीच पाहिजे. कोडाईत काचेचा ढीग ज्यांनी शोधला त्यांच्यासाठी कायद्यात दार हवे.

महाराष्ट्रात हा प्रश्न येत्या काळात जिथे उभा राहणार ते ठिकाण जंगलातले किंवा डोंगरावरचे नसेल. ठाण्यात पोखरण रोडवर, ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने बंद पडत गेले आणि त्या जमिनींवर गृहसंकुले उभी राहत गेली. संकुलात बाग असते, कृत्रिम तळे असते, लहान मुलांसाठी वाळूचा चौकोन असतो. घर घेताना आपण वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल मागवतो. जमिनीवर कोणाचे कर्ज आहे, कोणाचा वाद आहे, कूळ आहे का, सारे तपासतो. तिथे आधी काय बनत होते, त्याचा टाकाऊ माल कुठे जात होता, माती कोणी तपासली, हे त्या अहवालात नसते, कारण ते कुठे नोंदवलेलेच नसते. सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. शहरात मिळकत पत्रिका असते. बँकेचा बोजा त्यात चढवता येतो, तसा पाऱ्याचा, आर्सेनिकचा, डांबराचाही चढवता येईल. त्यासाठी महसूल खात्याने एक परिपत्रक काढावे आणि औद्योगिक जमिनीचा वापर निवासी करण्याची परवानगी मातीच्या तपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय देऊ नये. तो अहवाल बांधकामाच्या फलकाशेजारी, मराठीत, आराखडा मंजूर होण्याच्या आधी लावला गेला पाहिजे, म्हणजे हरकत घेणाऱ्याला ती घेण्यासाठी पाया खणला जाईपर्यंत थांबावे लागणार नाही.